निवासकाल, धारणकाल की मुक्कामकाल?

तळटीप: वायूचा रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर येऊन टेकतो, काही काळ तिथे राहतो आणि मग सुटून जातो. या मधल्या काळाला इंग्रजीत 'रेसिडेन्स टाइम' म्हणतात. अनुवादात मी 'निवासकाल' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'धारणकाल' केले. मला ते पटत नाही, कारण 'धारण' म्हटले की धरून ठेवणारा पृष्ठभाग कर्ता होतो. शिवाय क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीत, घटकाला स्तंभातून बाहेर पडायला जो एकूण वेळ लागतो, त्यासाठी हा शब्द राखून ठेवायला हवा. आपण कोणता शब्द वापरता?

दोलक: हे मोजमाप माझ्या रोजच्या कामातले आहे, आणि मला 'निवास' जड वाटतो. याकोव्ह फ्रेंकेल यांनी 1924 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार हा काळ बंध-ऊर्जेबरोबर, म्हणजे रेणूला पृष्ठभागाशी बांधणाऱ्या ऊर्जेबरोबर, घातांकी वेगाने वाढतो. सूत्रातला आरंभीचा गुणक सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग धरला, तर सुमारे 27 अंश सेल्सिअसला 40 किलोज्यूल प्रति मोल ऊर्जेने टेकलेला रेणू जेमतेम एक मायक्रोसेकंद राहतो, 80 ला आठ-नऊ सेकंद, 100 ला सात तास आणि 120 ला जवळजवळ अडीच वर्षे. इतका विस्तार 'मुक्काम' सहज पेलतो, कारण मुक्काम घटकाभराचाही असतो आणि वर्षाचाही. म्हणून 'मुक्कामकाल'.

अक्षरवेल: 'मुक्काम' अरबीतून आला आहे, त्याला 'काल' जोडून केलेला समास कानाला खटकतो आणि त्यापासून पुढचे शब्दही घडत नाहीत. 'वस्' धातूपासून मात्र निवास, निवासी, वास्तव्य, वस्ती असे सारे कुटुंब उभे राहते. शिवाय मुक्काम एका जागी असतो. रेणू तर सुटण्यापूर्वी पृष्ठभागावर पुष्कळ सरकतो.

दोलक: मुक्कामाला आलेला माणूसही हिंडतो, त्याने मुक्काम मोडत नाही. माझी खरी काळजी वेगळी आहे. आम्ही फिरत्या खाचेदार चकतीने रेणूंचा झोत तोडून पृष्ठभागावर सोडतो आणि परतणारा झोत किती उशिरा येतो ते पाहतो; त्या विलंबातून रेणूंच्या प्रवासाचा वेळ वजा केला की हा काळ हाती येतो. काही रेणू न टेकताच उसळून जातात. जे टेकतात, त्यांना आपला आधीचा वेग आणि दिशा यांचे फारसे स्मरण उरत नाही. शब्द कोणताही ठरवा, तो केवळ या दुसऱ्या गटालाच लागू व्हावा.

शुष्कपर्ण: काळाच्या नावाआधी क्रियेचे नाव तपासावे, अशी माझी विनंती आहे. रेणू पृष्ठभागावर टेकण्याच्या क्रियेला हाइनरिश कायझर यांनी 1881 मध्ये रूढ केलेल्या 'ॲडसॉर्प्शन' या मूळ संज्ञेत लॅटिनमधला 'ओढून पिणे' हा धातू आहे. त्यासाठीच्या आपल्या 'अधिशोषणा'त 'शुष्' आहे, म्हणजे वाळणे. मूळ संज्ञेतला 'ॲड' हा उपसर्ग 'कडे' या अर्थाचा आहे, त्याला 'अधि'पेक्षा 'अभि' जवळचा. आणि सुटण्याच्या क्रियेला 'विशोषण' म्हणणे तर मला अजिबात मान्य नाही, कारण संस्कृतात त्याचा अर्थ पार सुकवून टाकणे असा आहे.

अक्षरवेल: 'शोषण' वाचताना आज कोणाच्याही मनात वाळणे येत नाही. 'अधिशोषण' अभ्यासात रुळले आहे आणि 'अधि'मधला 'वर' हा अर्थ या घटनेला नेमका बसतो, कारण रेणू आत मुरत नाही, वरच राहतो. रुळलेला शब्द व्युत्पत्तीसाठी उखडू नये.

दोलक: हाच न्याय 'मुक्कामा'ला का नाही?

अक्षरवेल: कारण 'मुक्काम' बोलण्यात रुळला आहे, परिभाषेत नव्हे.

शुष्कपर्ण: मग बोलण्यातलेच 'टेकणे' आणि 'सुटणे' घ्यावेत. या चर्चेत आपण सगळेच न ठरवता तेच वापरत आहोत.

तळटीप: मी सध्या 'सरासरी निवासकाल' ठेवला आहे. 'सरासरी' आवश्यक आहे, कारण साध्या एकेरी सुटण्यात, म्हणजे प्रत्येक रेणू इतरांवर अवलंबून न राहता सुटतो तेव्हा, तासभर थांबलेल्या रेणूची पुढच्या क्षणी सुटण्याची शक्यता नुकत्याच टेकलेल्या रेणूइतकीच असते. तो थांबून म्हातारा होत नाही. म्हणूनच कोणी सुचवलेले 'आयुर्मान' मी नाकारले. पण 'विशोषण' माझ्या मजकुरात एकोणीस ठिकाणी आहे, त्याचे आता काय करावे?

शुष्कपर्ण: 'सुटका' लिहावे.

अक्षरवेल: 'सुटके'त बंदिवास येतो, म्हणजे पुन्हा 'धारण'च.