मदत हवी आहे: वेगवेगळ्या विषयांतील संशोधकांच्या सायटेशनची (म्हणजे इतरांच्या लेखनात संदर्भ म्हणून झालेल्या उल्लेखांची) तुलना कोणत्या मापाने करावी?

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि तेथील संशोधन समितीचे काम पाहतो. उत्कृष्ट संशोधक पुरस्कारासाठी आमच्यापुढे चार अर्ज आले आहेत: एक माझ्याच विषयातील, एक गणिताचा, एक केळीवरील करपा रोगावर काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचा आणि एक अहिराणी लोकगीतांवर लिहिणाऱ्या मराठीच्या सरांचा. निवडलेल्या मापाचा कल रसायनशास्त्राकडे झुकू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

समितीत पहिली सूचना एच-इंडेक्सची आली. जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेल्या या निर्देशांकात १२ हा आकडा म्हणजे प्रत्येकी किमान १२ सायटेशन मिळालेले १२ शोधनिबंध. हे माप एका विषयाच्या आत, साधारण सारख्या सेवाकाळाच्या लोकांसाठी ठीक वाटते. परंतु गणितातील निबंधांच्या संदर्भसूची लहान असतात, संशोधकही तुलनेने थोडे असतात आणि निबंधाची दखल घेतली जाण्यास बराच काळ लागतो. त्यामुळे तेथील चांगल्या संशोधकाचा एच-इंडेक्सही रसायनशास्त्रातील मध्यम संशोधकाहून कमी भरू शकतो.

दुसरी सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील गुणतक्त्याची होती. त्यात विज्ञान शाखेच्या शोधनिबंधाला ८ आणि भाषा व मानव्यविद्यांच्या निबंधाला १० मूळ गुण आहेत, म्हणजे विषयभेदाचा थोडा विचार झालेला आहे. मात्र दोनांहून अधिक लेखक असल्यास पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के गुण मिळतात. गणितात लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमे छापली जातात, तेव्हा पहिल्या नावावरून काहीच ठरत नाही. शिवाय नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार, म्हणजे त्यातील निबंधांना मिळणाऱ्या सरासरी सायटेशननुसार, गुण वाढतात, आणि नियतकालिकाची सरासरी एकेका निबंधाला लावू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात (डोरा) स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून मी विषयसापेक्ष मापाकडे वळलो. एखाद्या निबंधाच्या सायटेशनला त्याच विषयातील, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या निबंधांच्या सरासरीने भागायचे. उत्तर १ आले तर कामगिरी जागतिक सरासरीइतकी. समजा, रसायनशास्त्राच्या निबंधाला ४० सायटेशन आहेत आणि तेथील सरासरी २० आहे, तर उत्तर २ येते. गणिताच्या निबंधाला ९ असून सरासरी ३ असेल, तर ३ येते. हे मला न्याय्य वाटते, पण दोन शंका उरतात. स्कोपस या सशुल्क सायटेशन-डेटाबेसच्या अशा मापात प्रकाशनाचे वर्ष आणि पुढची तीन वर्षे एवढ्याच काळातील सायटेशन मोजली जातात. तुलना गणिताची गणिताशीच होत असली, तरी ज्या निबंधाची दखल सहा-सात वर्षांनी घेतली जाते त्याचे श्रेय त्यात सुटते. दुसरे असे की मोजक्या निबंधांच्या यादीत एकाच गाजलेल्या निबंधाने संपूर्ण सरासरी वर खेचली जाते. संशोधनाच्या मोजमापाविषयीच्या २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यात सरासरीपेक्षा शतमकांवर, म्हणजे निबंध आपल्या विषयात वरच्या किती टक्क्यांत आहे यावर, भर दिला आहे. आमच्याकडे सशुल्क डेटाबेस नाही, तरी ओपनॲलेक्स या खुल्या डेटाबेसवर वरचा भागाकार आणि शतमक हे दोन्ही आकडे विनामूल्य दिसतात; मात्र तेथे निबंधाचा विषय संगणकीय वर्गीकरणाने ठरतो, आणि विषयच चुकला तर भागाकारही चुकतो.

सर्वांत अवघड प्रश्न मराठीच्या सरांचा आहे. त्यांचे लेखन मराठी ग्रंथांत आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या ‘संशोधक’सारख्या नियतकालिकांत असते, आणि त्याची दखल पुस्तकांच्या तळटीपांत व पीएच.डी.च्या प्रबंधांत घेतली जाते. डेटाबेसमध्ये त्यांच्या नावापुढे जवळपास शून्य दिसते, पण तो शून्य डेटाबेसच्या मर्यादेचा आहे. गूगल स्कॉलरवर थोडे अधिक सापडते, परंतु तेथे विषयनिहाय सरासरी मिळत नाही.

विज्ञानाच्या तिन्ही अर्जांसाठी शतमक वापरून, मराठीच्या अर्जासाठी निवडक तीन लेखन बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडून वाचून घ्यावे, असा माझा विचार आहे. परंतु मग चौघांची एकच गुणानुक्रम यादी लावणे योग्य ठरेल का, की विज्ञान आणि मानव्यविद्या यांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुचवावेत? शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधांतून एखाद्या लेखकाचे संदर्भ पद्धतशीर शोधण्याचा कुणाला अनुभव आहे का? तसेच, एखाद्याचे निबंध मोजकेच असतील तर शतमकावर किती भर द्यावा? आपल्या महाविद्यालयात अशी निवड केली असेल, तर निकष कोणत्या शब्दांत लिहिले होते तेही कृपया कळवावे, कारण आम्हाला ते अर्जदारांना आधी लेखी द्यायचे आहेत.