मदत हवी आहे: अराकानवर बेपत्ता झालेल्या वैमानिकाचा माग
१९४४ साली अराकानवर (ब्रह्मदेशाचा पश्चिम किनारा) बेपत्ता झालेल्या, भारतीय हवाई दलातल्या हरिकेन या लढाऊ विमानाच्या एका तरुण वैमानिकाची माहिती जुळवायची आहे. कबर नाही, म्हणून नाव सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर. हुद्दा, सेवा क्रमांक, तारीख तिथूनच मिळाली. खरा धागा स्क्वाड्रनच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकात, म्हणजे रोजच्या कामगिरीच्या नोंदवहीत. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा. ५४१ मध्ये विमान, वैमानिक, उड्डाणाची नि परतीची वेळ. घोळ होतो तो आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगचा, कधी वडिलांचं नावच आडनाव म्हणून चढतं. त्यामुळे सेवा क्रमांकानेच शोधलेलं बरं. (भारतीय हवाई दलाची ‘रॉयल’ उपाधी मार्च १९४५ ची, आधीच्या कागदांत ती नसणारच.)

लंडनच्या क्यू (Kew) भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जची ‘एअर २७’ ही स्क्वाड्रनच्या नोंदवह्यांची मालिका कुणी चाळली आहे का? भारतीय स्क्वाड्रनची १९४४ ची पानं सलग मिळतात का? आणि सेवापुस्तिकेसाठी दिल्लीत अर्ज नेमका कुठे करायचा?