उत्तर: टर्कीत कालवं
टर्की पक्षी भाजताना त्याच्या पोटात कालवं (ऑयस्टर, म्हणजे शिंपल्यातला मऊ जीव) भरणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते मत पटलं नाही. आज अमेरिकेतल्या हॉटेलात डझनाचा भाव बघून तसं वाटणारच. पण १९व्या शतकात कालवं तिथे स्वस्त होती. न्यूयॉर्कमध्ये ती रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळत आणि बाल्टिमोरहून डबाबंद होऊन रेल्वेने पार आतल्या गावांत पोचत. लंडनचे गरीबही ‘पाय’मध्ये (कणकेच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) मांसाच्या जोडीला कालवं घालत. अमेरिकन लेखिका अमिलिया सिमन्सच्या १७९६च्या पाककृतींच्या पुस्तकातल्या अशा कृतीत तर ब्रेडसुद्धा नाही: पक्ष्यात नुसती कालवं भरायची, शिवून पाण्यात शिजवायचा आणि वर लोणी-मिऱ्यातली आणखी कालवं ओतायची!

ब्रेड आणि कालवांच्या सारणाच्या कृतीबद्दल एक राहिलं. सोललेल्या कालवांच्या बरणीतलं गढूळ पाणी कृपया सिंकमध्ये ओतू नका, सगळी चव त्यातच असते. ते गाळून घ्या (कवचाची कच हमखास निघते) आणि लोण्यावर परतलेल्या कांदा-सेलरीसोबत शिळ्या ब्रेडवर शिंपडा. मीठ अगदी शेवटी, चाखूनच. कालवं वातड होतात अशीही एक तक्रार आहे, ती बहुतेक आधीच जास्त शिजवल्यामुळे. त्याच पाण्यात कडा मुरडेपर्यंतच गरम करायची, लगेच काढायची, बाकीचं ओव्हनमध्ये होतं. मी तरी सारण वेगळ्या ट्रेमध्येच भाजते. पक्ष्याच्या पोटात ते मधोमध ७४ अंश सेल्सिअसला पोचेपर्यंत छातीचं मांस कोरडं पडतं, आणि वरचा कुरकुरीत थर मिळत नाही तो नाहीच.