'ॲक्सेस'ला उपलब्धता म्हणायचं का? (आणि रेसला?)

मीनल: एक भाषांतर हातात आहे, अमेरिकेत लहान मुलांच्या लसीकरणात रेसप्रमाणे कसा फरक पडतो त्यावर. दोन शब्दांवर गाडी अडलीय. रेस म्हणजे वंश की वर्ण? आणि ॲक्सेसला उपलब्धता चालेल ना?

विसूकाका: वर्ण नको हो. एकतर चातुर्वर्ण्य आठवतं नाहीतर स्थळाच्या माहितीतलं 'वर्ण गोरा'. वंश म्हटलं की वंशाचा दिवा पेटतो हे खरंय, पण वांशिक, वंशभेद रुळलेत. वंशच घ्या.

टिंग्या: काका, वर्ण नको म्हणता, पण 'कृष्णवर्णीय' तर सगळे पेपर छापतात, त्याचं काय करायचं 😀

सुजाता: मी इकडे शिकागोजवळ मुलांच्या क्लिनिकमधे काम करते, म्हणून सांगते, उपलब्धता अजिबात नको. गोवराची लस इथे १९६३ पासून उपलब्धच होती की! तरी १९८९ ते ९१ मधे ५५ हजारांवर केसेस झाल्या, शंभरावर माणसं गेली, आणि त्यात मोठ्या शहरांतली काळी नि हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतली) चिल्लीपिल्ली, ज्यांना लस टोचलीच नव्हती ती खूप. लस डॉक्टरकडे होती पण विमा पैसे देत नव्हता, मग डॉक्टर सांगणार सरकारी दवाखान्यात जा, म्हणजे आईचा कामावर खाडा. १९९३ला कायदा झाला आणि ९४ पासून गरीब, विमा नसलेल्या मुलांना सरकारी खर्चाने लस. आमच्या फ्रिजमधे अजून दोन वेगळे कप्पे असतात, एक सरकारी साठ्याचा, एक खासगी. बाटली तीच. गोवराच्या बाबतीत दरी बरीच बुजली, बाकी सगळे डोस वेळेवर होण्यात फरक आहेच.
या सरकारी लशीच्या फॉर्मवर 'अमेरिकन इंडियन' असाही एक रकाना असतो, म्हणजे इथले मूळनिवासी, त्यांना विमा असला तरी ती मिळते. मागे एका आपल्याच बाबांनी तिथे झोकात टिक केली होती.

टिंग्या: 😂 मग 'पोच' म्हणा की.

विसूकाका: पोच म्हणजे पावती. नाहीतर 'त्याला पोच नाही' मधली. पोहोच त्यातल्या त्यात बरं, पण 'लस मिळणं' यात सगळं येतं.
जाता जाता, लस शब्दही बघा, जखमेतून 'लस येते' म्हणतो ना, तीच ती. मुंबईत १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली आणि तिच्या फोडातली लस काढून पुढच्यांना दिली. आमची आजी लसीकरण म्हणायचीच नाही, 'देवी काढल्या' म्हणायची, दंडावर दोन गोल वण दाखवून.

मीनल: मग 'वंशानुसार लस मिळण्यातला फरक' असं करते. पण सुजाताताई, हिस्पॅनिक हा वंश का?

सुजाता: इथल्या जनगणनेत कित्येक वर्षं त्याचा प्रश्नच वेगळा होता, कुठल्याही वंशाचा माणूस हिस्पॅनिक असू शकतो.

विसूकाका: झालं. नवा धागा काढा.