जपानहून नैरोबीला जुनी गाडी मागवायचीये, २०१८ ची फिल्डर घेऊ का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही नैरोबीत वेस्टलँड्सला राहतो, मूळचे वाईचे. नवऱ्याच्या कंपनीचं काँट्रॅक्ट वाढलंय त्यामुळे आता स्वतःची गाडी घ्यायचीच असं ठरलंय, मुलीची शाळा, मंडई, सगळं टॅक्सीवर परवडत नाही. इथल्या जुन्या गाड्यांच्या यार्डात जाऊन आलो पण किमती ऐकून परत फिरलो. मग जपानच्या एका एक्सपोर्टरच्या साइटवर टोयोटा फिल्डर हायब्रिड दिसली, १५०० सीसी, नोंदणी ऑगस्ट २०१८, मोम्बासा बंदरापर्यंतच्या भाड्यासकट यार्डातल्या किमतीच्या निम्मीसुद्धा किंमत नाही. २०१९ च्या तशाच गाड्या बऱ्याच महाग दिसतायत. तो माणूस रोज मेसेज करतोय की या आठवड्यात पैसे पाठवा तर डिस्काउंट देतो. आता ऑक्टोबर २०२५ संपत आला, डिसेंबरअखेर आम्ही भारतात जाणार, त्याआधी गाडी हातात आली तर बरं. कोणी स्वतः मागवली आहे का? एकूण खर्च किती येतो आणि फसवणूक कशी ओळखायची ते सांगा प्लीज.

बंदरावरचा
ताई, पैसे पाठवू नका अजून. आधी हे वाचा.

मी मोम्बासाला क्लिअरिंगच्या, म्हणजे बंदरातून माल सोडवून द्यायच्या लाइनमध्ये बरीच वर्षं आहे. केनियात केएस १५१५ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यानुसार आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी देशात येऊ देत नाहीत आणि हे वर्ष दर १ जानेवारीला पुढे सरकतं. आत्ता २०२५ मध्ये २०१८ ची नोंदणी चालते, १ जानेवारी २०२६ पासून २०१९ ची किंवा त्यानंतरचीच चालणार. तारीख कुठली धरतात तर गाडी मोम्बासाला पोचल्याची, तुम्ही पैसे कधी दिले किंवा जपानहून जहाज कधी सुटलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. म्हणजे तुमची ऑगस्ट २०१८ ची गाडी ३१ डिसेंबरच्या आत बंदरात आलीच पाहिजे, नाहीतर ती नाकारली जाते आणि परत पाठवायचा खर्च मालकाच्या गळ्यात पडतो.

आता हिशोब करा. पैसे पोचायला काही दिवस, मग केनियासाठीच्या तपासणीचा नंबर, मग जहाजात जागा मिळेपर्यंत थांबायचं, आणि योकोहामा किंवा नागोयाहून इथवर यायला महिना सव्वा महिना सहज जातो कारण ही रोरो जहाजं (गाड्या चालवत आत चढवतात ती) वाटेत दुसरी बंदरं घेत येतात. वर डिसेंबरात सगळ्यांनाच घाई असते, बाहेर जहाजं रांगेत उभी असतात. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरला सगळे एक्सपोर्टर त्या वर्षीचा शेवटचा माल स्वस्तात काढतात, केनियाचं गिऱ्हाईक गेलं की त्या गाडीला भाव राहत नाही म्हणून. तुम्हाला स्वस्त दिसतेय ती त्यामुळेच.

टॅक्सबद्दल. लोक समजतात की गाडी स्वस्तात मिळाली की ड्युटीही कमी. तसं होत नाही. केआरएची, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याची स्वतःची किमतींची लिस्ट आहे, सीआरएसपी म्हणतात, त्यातली नव्या गाडीची किंमत घेऊन वयाप्रमाणे घसारा आणि त्या किमतीत धरलेले टॅक्स वजा करतात आणि उरलेल्या किमतीवर टॅक्स लावतात, तुमचं इन्व्हॉइस काहीही म्हणो. त्या किमतीवर ३५ टक्के इम्पोर्ट ड्युटी, मग ड्युटी धरून जी रक्कम येते तिच्यावर १५०० सीसीपर्यंत २० टक्के एक्साइज, मग या सगळ्यावर १६ टक्के व्हॅट. शिवाय आयडीएफ (आयात घोषणेची फी) अडीच टक्के आणि रेल्वे लेव्ही २ टक्के. एकावर एक चढत जाऊन १५०० सीसीला साधारण ९२ टक्के होतात. इंजिन १५०० च्या वर गेलं की एक्साइज २५ टक्के, म्हणजे एकूण शंभरच्या घरात. त्यामुळे आधी केआरएच्या लिस्टमध्ये तुमचं मॉडेल बघा, मॉडेल कोडसकट, कारण एकाच फिल्डरचे चार प्रकार असतात आणि किमती वेगळ्या. नवी लिस्ट निघाली की आकडे बदलतात, यूट्यूबवरचे जुने हिशोब धरू नका.

कृष्णाकाठ
बापरे, हे वर्षाचं त्या माणसाने एका शब्दानेही सांगितलं नाही! खूप आभार दादा. मग २०१९ चीच बघते. त्याने ऑक्शन शीट (जपानमधल्या लिलावाच्या वेळचा गाडीच्या तपासणीचा कागद) पाठवली होती, पूर्ण जपानीत. ग्रेड ३.५, आतला भाग बी, आणि चित्रावर ए२, यू१, मागच्या डाव्या दरवाजावर डब्ल्यू२ असं काय काय आहे. साइटवर मात्र "एक्सलंट कंडिशन". तशीच शीट दुसऱ्या गाडीची आली तर कशी वाचायची?

चिबाकर
मी जपानला चिबात असतो, गाड्यांचा धंदा नाही पण मित्रांसाठी बऱ्याच शीट वाचून दिल्यात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे तिथं डेंटिंग-पेंटिंग झालंय, एस म्हणजे गंज आणि सी म्हणजे गंजाने पत्रा खाल्लाय, एक्सएक्स म्हणजे पत्रा बदललेला. पुढचा आकडा मोठा तेवढं जास्त. म्हणजे तुमच्या त्या गाडीचा दरवाजा रंगवलेला होता, त्यात फार काही वाईट नाही, ३.५ म्हणजे वापरलेली गाडी, एक्सलंट नाही एवढंच. ग्रेडच्या जागी आर किंवा आरए दिसलं तर चॅसीला मार बसून दुरुस्त झालेली, ती घेऊ नका. सगळ्यात महत्त्वाचं असतं ते खालच्या चौकटीत तपासणाऱ्याने हाताने लिहिलेलं. फोनचं ट्रान्सलेट तिथे हमखास चुकतं, अक्षर गिचमिड असतं, तेवढं कोणाकडून तरी वाचून घ्या. गाडीखाली गंज आहे असं लिहिलं असेल तर गाडी कुठली ते विचारा. होक्काइदो, निइगाता वगैरे बर्फाच्या भागात रस्त्यावर मीठ टाकतात आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचं सायलेन्सर, सस्पेन्शन खालून गेलेलं असतं.

किलोमीटरचं पण बघा. इथे नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी शाकेन नावाची सक्तीची तपासणी असते, ती महाग पडते म्हणून लोक चांगल्या गाड्या काढून टाकतात, आणि त्या तपासणीच्या वेळचं मीटर रीडिंग कागदावर छापलेलं असतं. एक्सपोर्ट सर्टिफिकेटवर ते येतं. शीटवरचा आकडा, सर्टिफिकेटवरचा आकडा आणि फोटोतलं मीटर, तिन्ही एका रांगेत बसले पाहिजेत. पहिल्या नोंदणीचा महिना आणि वर्षही त्याच सर्टिफिकेटवर, केनियाला तेच लागतं, साइटवर काय लिहिलंय ते नाही.

कोणी शीट द्यायला टाळाटाळ केली तर सरळ पुढचा एक्सपोर्टर बघायचा.

किरिन्यागा_रोड
वर दोघांनी छान सांगितलंय. मी पैशांचं सांगतो कारण माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचे सगळे पैसे गेलेत आणि ते बघून फार वाईट वाटलं. त्यांनी निवडलेली कंपनी खरी होती, पण मधेच कोणीतरी ईमेल हॅक करून तसंच्या तसं इन्व्हॉइस पाठवलं, फक्त बँक खातं बदललेलं. म्हणून खातं कंपनीच्याच नावावर आणि जपानमधल्याच बँकेत आहे का बघा, आणि पैसे पाठवायच्या दिवशी वेबसाइटवरच्या नंबरवर स्वतः फोन करून खातं क्रमांक वाचून घ्या. व्यक्तीच्या नावावर किंवा तिसऱ्या देशातल्या खात्यावर मागितले तर विषय संपला. जुमव्हिया म्हणून जपानमधल्या जुन्या गाड्यांच्या एक्सपोर्टर लोकांची संघटना आहे, तिच्या सभासदांच्या यादीत नाव आहे का तेही बघून घ्या.

आणखी एक, सी अँड एफ (गाडी आणि जहाजभाडं) भावानेच घ्या, सीआयएफ (त्यात इन्शुरन्सही धरलेला) नको. मरिन इन्शुरन्स केनियातल्या कंपनीचाच लागतो, एक्सपोर्टरला त्याचे पैसे दिले तर इथे परत भरावे लागतात.

आणि यार्डाला एकदम नावं ठेवू नका. तिथे ड्युटी भरलेली, नंबर प्लेट लागलेली गाडी समोर उभी असते, चालवून बघता येते, हायब्रिडची बॅटरी स्कॅनर लावून बघता येते. ९२ टक्के टॅक्स, क्लिअरिंग, मोम्बासा ते नैरोबी ड्रायव्हर असं सगळं धरून फरक किती उरतो ते कागदावर मांडा, मग ठरवा. रेडिओ जपानी बँडचा असतो, इथली बरीच स्टेशनं लागत नाहीत, बँड एक्सपांडर घ्यावा लागतो, ते मात्र स्वस्तात होतं.

पुणे३०
थोडं अवांतर, पण ही गाडी परत येताना भारतात आणता येईल का? दोन्हीकडे उजवं स्टिअरिंगच आहे.

बंदरावरचा
नाही हो. भारतात वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, ती फक्त मुंबई बंदरातून, वर पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या ठिकाणचं टेस्टिंग, आणि ड्युटी-जीएसटी मिळून गाडीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त टॅक्स. फिल्डरसाठी कोणी करत नाही. इथेच विकायची, टोयोटाला इथे गिऱ्हाईक कायम असतं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या माणसाला विचारलं की गाडी ३१ डिसेंबरच्या आत पोचेल असं लिहून देता का, तर म्हणाला जहाजाची हमी आम्ही देत नाही. तिथेच नाही म्हणून टाकलं. आता दुसऱ्याकडून २०१९ ची नॉन-हायब्रिड बघतोय, शीट चिबाकर दादांना मेसेज केलीये. शेवटचा प्रश्न, आम्ही जानेवारीच्या मध्यापर्यंत वाईला असणार. तेव्हाच गाडी आली तर?

बंदरावरचा
मग जहाज जानेवारी अखेरीला पोचेल असं बुकिंग मागा, २०१९ ला घाई नाहीये. बंदरात आणि सीएफएसला (बंदराचा माल ठेवायचं यार्ड) मोजकेच दिवस फुकट असतात, पुढे रोज भाडं चढतं आणि ते फार पटकन चढतं. ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), एक्सपोर्ट सर्टिफिकेट, इन्व्हॉइस आणि क्यूआयएसजेचं (केनियासाठी जपानमध्ये गाड्या तपासणारी संस्था) तपासणी सर्टिफिकेट हे सगळं कुरिअरने नैरोबीच्या पत्त्यावर, तुम्ही परत आल्यावर पोचेल असं सांगा, वाईला नको. स्कॅन कॉपी मात्र जहाज सुटल्या सुटल्या मागवा आणि एजंटला द्या म्हणजे तो कस्टमची एंट्री आधीच करून ठेवेल. तपासणी सर्टिफिकेट हातात नसेल तर उरलेले पैसे सोडू नका. आणि टॅक्स एजंटच्या खात्यात भरायचा नाही, केआरएची पेमेंट स्लिप मागून स्वतः बँकेत भरायचा.