प्रौढांसाठी कंटेम्पररी नृत्याचा वर्ग : निवड कशी करावी? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

पायरव

नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला राहते, वय ४६. कॉलेजपर्यंत कथक शिकत होते, गांधर्व मंडळाची ‘मध्यमा पूर्ण’ ही परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे नोकरी-संसारात ते सुटले. घराजवळच्या एका स्टुडिओत प्रौढांसाठी कंटेम्पररीची (पाश्चात्त्य आधुनिक नृत्यातून आलेल्या शैलीची) संध्याकाळची तुकडी सुरू होत आहे, म्हणून एका चाचणी तासाला जाऊन आले. पाच-दहा मिनिटांच्या वॉर्म-अपनंतर उरलेला सगळा वेळ एका हिंदी गाण्यावरची रचना बसवण्यात गेला, आणि वार्षिक कार्यक्रमाच्या पोशाखाचे पैसेही त्याच दिवशी सांगण्यात आले. मधल्या एका लोळणीत माझा उजवा गुडघा फरशीवर चांगलाच आपटला. मला रंगमंचावर जायचे नाही. दिवसभर खुर्चीत बसून आखडलेले शरीर मोकळे व्हावे आणि काहीतरी नव्याने शिकता यावे, एवढीच इच्छा आहे. कंटेम्पररी असेच शिकवतात का? या वयात गुडघे सांभाळून ते शिकता येईल का? आणि जुन्या कथकचा काही उपयोग होईल का?

विंगेतून

आपण पाहिलात तो कंटेम्पररीचा दूरचित्रवाणीवरील स्पर्धांमधून रुजलेला अवतार आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, परंतु त्यात रचना आधी येते आणि शरीराची तयारी नंतर, किंवा येतच नाही. मुळात ही परंपरा तंत्रांची आहे. अमेरिकी नर्तकी मार्था ग्रॅहम यांनी १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःची नृत्यमंडळी उभी केली आणि श्वासाबरोबर पोट-ओटीपोट आकसणे व सोडणे यावर सगळी हालचाल बेतली. डॉरिस हम्फ्री आणि त्यांचे शिष्य होजे लिमोन यांनी तोल सोडून पडणे आणि त्याच वेगाचा उपयोग करून पुन्हा उभे राहणे हा पाया धरला. स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये दोन शरीरांनी एकमेकांवर भार टाकत उत्स्फूर्त हालचाल करण्याची पद्धत मांडली. म्हणून शिक्षकांना पहिला प्रश्न असा विचारावा की आपण कोणत्या तंत्रात शिकलात आणि तासातला किती वेळ त्या तंत्राला देता. याचे सरळ उत्तर न देता जो जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ दाखवू लागतो, त्याच्याकडे प्रौढांनी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वयाची चिंता मला तितकीशी पटत नाही. नृत्यरचनाकार चंद्रलेखा मूळच्या आपल्या महाराष्ट्रातल्या वाडा गावच्या. भरतनाट्यमपासून दीर्घ काळ दूर राहिल्यानंतर १९८४ मध्ये मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात झालेल्या पूर्व-पश्चिम नृत्यसंमेलनाच्या निमित्ताने त्या पुन्हा रंगमंचाकडे वळल्या, तेव्हा त्यांचे वय ५५ होते. भरतनाट्यम, योग आणि कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला एकत्र आणणारी ‘अंगिका’ ही रचना त्यानंतरची, १९८५ मधली. समकालीन नर्तक अस्ताद देबूंचा आरंभ तर कथकपासूनच झाला. लंडनमध्ये ग्रॅहम आणि न्यूयॉर्कमध्ये लिमोन तंत्र ते नंतर शिकले. ही दोघेही व्यावसायिक कलावंत, असे आपण म्हणाल. परंतु जर्मनीत नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांनी २००० मध्ये ‘कोन्टाक्टहोफ’ ही आपली जुनी रचना पासष्टीपुढील हौशी स्त्री-पुरुषांना घेऊन पुन्हा उभी केली, आणि त्यांपैकी कोणी पेशाने नर्तक नव्हते.

घोटा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे फक्त गुडघ्याबद्दल आणि फरशीबद्दल लिहितो. शिक्षक कोण यापेक्षाही आधी पायाखाली काय आहे ते पाहावे. काँक्रीटवर बसवलेली व्हिट्रिफाइड टाइल किंवा ग्रॅनाइट जराही दबत नाही; उडी मारून खाली आल्यावरचा सगळा धक्का घोटा, गुडघा आणि कंबर यांना सोसावा लागतो. नृत्यासाठीची लाकडी जमीन खाली पोकळी आणि लवचिक आधार ठेवून बांधलेली असते. काही ठिकाणी टाइलवर थेट व्हायनिल चिकटवून ‘डान्स फ्लोअर’ म्हणून दाखवतात; त्याने पाय घसरत नाही इतकेच, धक्का तेवढाच बसतो.

दुसरे असे की, गुडघा आपटला याचा अर्थ पडायचे कसे हे आपल्याला शिकवलेच गेले नाही. उभ्याने खाली जाताना आधी घोटा, गुडघा आणि खुबा एकत्र दुमडतात, श्वास बाहेर सोडला जातो, मग नडगीची बाहेरची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, कुल्ला आणि शेवटी बरगड्यांची कड अशा क्रमाने शरीर जमिनीला लागत जाते. गुडघ्याची वाटी आणि ताणलेले मनगट यांवर भार कधीच येत नाही. पहिले काही आठवडे हेच संथपणे, बसल्या स्थितीपासून करून घेणारा वर्ग निवडावा. जाड गादीचे नी-पॅड घ्यावेत; औषधांच्या दुकानात मिळणारी लवचिक नी-कॅप वेगळी, तिचा आपटण्यापासून उपयोग नाही. मोजे घालून नाचू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर ते स्वाभाविक आहे. सांध्याला सूज आली, गुडघा अडकू लागला किंवा जिना उतरताना कळ येऊ लागली, तर मात्र वर्ग थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. आताच्या आपटण्याने यांपैकी काही झाले असेल, तर ते आधी पाहून घ्या.

लेहरा

मी थोडा वेगळा सूर लावतो. मध्यमा पूर्णपर्यंतची बैठक हाताशी असताना नव्या शैलीत पहिलीपासून बसण्यापेक्षा कथककडेच परत का जाऊ नये? पुण्यात प्रौढांना मनापासून शिकवणारे कथकगुरू भरपूर आहेत, आणि अभिनयाचे अंग तर चाळिशीनंतरच खुलते.

पायरव

सर्वांचे आभार. ‘घोटा’ यांनी विचारलेली सूज वगैरे काही नाही, जिनाही नीट उतरता येतो. त्या स्टुडिओत साधी टाइलच आहे, त्यामुळे तो पर्याय बाद. लेहरा, आपले म्हणणे पटते, परंतु ताठ उभे राहून करायचे नृत्य मी एकदा शिकले आहे. या वेळी मला जमिनीशी जवळीक हवी आहे. ते कथक आड येईल का, एवढे कोणी सांगावे.

विंगेतून

कथकचा उपयोगही होईल आणि ते आडही येईल. लयीचे भान, चक्करमध्ये नजर रोखून तोल राखण्याची सवय आणि पदन्यास पटकन लक्षात राहणे, ही आपली जमेची बाजू आहे. अडचण धडाची येते. कथकमध्ये पाठीचा कणा खांबासारखा उभा ठेवण्याचे वळण लागलेले असते, आणि इथे डोक्याचे वजन सोडून एकेक मणका खाली गुंडाळत न्यावा लागतो; मानेची पकड सुटायला तर सर्वांत जास्त दिवस लागतात. हातही आपोआप हस्तकांत (कथकमधल्या हातांच्या ठरावीक ठेवणीत) जाऊन थांबतात. उत्स्फूर्त हालचालीच्या वेळी सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आहे हे शोधत राहू नका, कारण पुष्कळदा ठेका नसतोच, किंवा संगीतच नसते. आरशाशिवाय तास घेणारे कोणी मिळाले तर अवश्य जा. इस्रायलमधील ओहाद नाहारिन यांच्या ‘गागा’ पद्धतीच्या तासांना सर्वसामान्य लोकही जातात, आणि तिथे आरसे मुद्दाम टाळतात.

व्यवहाराचेही सांगतो. तीन किंवा सहा महिन्यांचे पॅकेज एकदम घेऊ नका, महिन्याची फी भरा. वार्षिक कार्यक्रमात भाग घेणे ऐच्छिक आहे का आणि त्याच्या तालमींच्या काळात बाकीच्यांचा तास नियमित होतो का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरपासून तंत्र बाजूला पडते आणि जे कार्यक्रमात नाहीत त्यांना कोपऱ्यात बसवून ठेवतात. जोडीने भार टाकण्याचे व्यायाम करून घेताना शिक्षक आधी विचारतात का आणि ‘नको’ म्हटले तर पर्याय देतात का, हे चाचणी तासातच पाहता येते.