चर्चा : शेजारच्या कारखान्याने इलेक्ट्रिक मालवाहू गाडी घेतली, म्हणून आपणही घ्यावी का?

मल्हारगंजकर : नव्या गाडीची स्वतः चाचणी घेणे मोठ्या कंपनीला परवडते. इंदूरजवळच्या पीथमपूर किंवा सांवेर रोड या औद्योगिक भागांतल्या लहान कारखानदाराला ते परवडत नाही, म्हणून मे महिन्याच्या उन्हात भरल्या मालासह शेजाऱ्याची गाडी एका चार्जिंगवर किती धावते आणि बिघडल्यास मिस्त्री कधी येतो, हे पाहणे हीच त्याची चाचणी असते. माझ्या मते अनुदानापेक्षा या पाहण्याचा प्रभाव मोठा आहे.

देवासनाका : हे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडण्यासारखे झाले. ई-वाहनांवरील जीएसटी ऑगस्ट २०१९ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो सर्वांसाठीच आला. एकाच कारणाने चौघांनी एकच निर्णय घेतला, तर त्यात अनुकरण कुठे आले?

हिशेबनीस : आपण दोघेही गिऱ्हाइकाला विसरलात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा (पर्यावरण व समाजाविषयीच्या जबाबदारीचा) अहवाल बंधनकारक केला, आणि आता अशा कंपन्यांना माल पुरवणाऱ्या माझ्या अशिलांना माल कोणत्या इंधनावर येतो हेही विचारले जाते. अनुकरण आहे ते वरच्या थरात : २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट, २०२१ मध्ये झोमॅटो, अशी इलेक्ट्रिक ताफ्याच्या घोषणांची रांगच लागली. घोषणेला घाट चढावा लागत नाही.

मल्हारगंजकर : कर सर्वांसाठी एकाच दिवशी उतरला, मग सर्वांनी त्याच वर्षी गाड्या का घेतल्या नाहीत? अनिश्चितता असली की संस्था आपल्यासारख्या संस्थांकडे पाहतात, असे समाजशास्त्रज्ञ डिमॅजिओ आणि पॉवेल यांनी १९८३ मध्येच मांडले होते. शिवाय पहिल्याने गाडी घेतली की विक्रेता त्या भागात सुटे भाग ठेवू लागतो आणि जुन्या गाडीला काय भाव येईल याचा अंदाज बँकेला बांधता येतो, त्यामुळे दुसऱ्याचा खर्च खरोखरच उतरतो. याला निव्वळ नक्कल म्हणता येणार नाही.

देवासनाका : सुट्या भागांचा मुद्दा मान्य. मात्र पाहण्याने दिशाही चुकते. इंदूरच्या देवगुराडियाच्या प्रकल्पात फेब्रुवारी २०२२ पासून ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी वायू तयार होतो आणि त्यावर शहरबस धावताना रोज दिसते, म्हणून आमच्यातील काहींनी इलेक्ट्रिकचा हिशेब न मांडताच सीएनजी गाड्या घेतल्या. आणि शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागलेला नव्हे, तर त्याच मार्गावर तेच वजन वाहणारा. पीथमपूरहून इंदुरात सुटे भाग पोहोचवणाऱ्याची गाडी पाहून, सेंधव्याचा बिजासन घाट ओलांडून महाराष्ट्रात माल नेणाऱ्या मी काय ठरवावे?